सुगरणींची एसटी निघू द्या, आणि ती परदेशातही दिसू द्या

मा. संपादक,

स. न. वि. वि.

विश्रामबागेत वालचंद कॉलेजच्या मुलांसाठी मी २६ वर्षं खानावळ चालवली. दोन्ही वेळची मिळून साठ-सत्तर पानं व्हायची. त्यामुळे आयुष्यात फिरणं फार झालं नाही. नरसोबाची वाडी, औदुंबर, पंढरपूर, एकदा तुळजापूर, एवढंच. गेल्या नोव्हेंबरात मात्र सूनबाईच्या बाळंतपणासाठी जर्मनीत श्टुटगार्टला मुलाकडे गेले. तिथं पाहुण्यांना १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. त्यातले ८७ राहून जानेवारीअखेर परत आले. नात गोड आहे, सूनबाईची तब्येत उत्तम आहे. पत्र लिहिते आहे ते त्या ८७ दुपारींबद्दल.

बाळंतपणाला परदेशी जाणाऱ्या आया-सासवा आता सांगली-मिरजेत गल्लोगल्ली आहेत. निघताना विमा कुठला काढावा, बॅगेत किती किलो चालतं, हे दहा जण सांगतात. तूप आणि पेढे नेऊ नकोस, हे मुलानं मला आधीच बजावलं होतं, कारण युरोपात बाहेरच्या देशांतून दुधाचे पदार्थ नेण्याची प्रवाशांना मनाई आहे. डिंक, अळीव, खारीक, सुंठ नेली. पण दुपारी काय करायचं, हे कुणीच सांगत नाही. सकाळी बाळ-बाळंतिणीचं मालिश, अंघोळ, स्वयंपाक उरकेपर्यंत एक वाजतो. (शेकशेगडी आणि धुरी तिथं जमत नाही. छताला धूर झाला की वाजणारा भोंगा असतो आणि तो घरोघरी कायद्यानं लावावा लागतो. आम्ही गरम पाण्याच्या पिशवीवर भागवलं.) मग मायलेकी झोपतात, मुलगा कामावर असतो, आणि डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो. ओळखीचं माणूस नाही, तिथली भाषा येत नाही. अशा वेळी मला कानांवर मराठी आणि डोळ्यांपुढे चूल हवी होती.

सांगलीत मी एका मराठी वाहिनीच्या अॅपवर दुपारचा पाककृतींचा कार्यक्रम रोज बघायचे. जाहिराती येतात, पण पैसे पडत नाहीत. श्टुटगार्टला तेच अॅप उघडलं, तर हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही, अशी ओळ आली. दुसऱ्या अॅपवरही तीच ओळ. तिसऱ्यानं दार उघडायच्या आधीच युरोमध्ये पैसे मागितले.

मुलानं संध्याकाळी समजावून सांगितलं. आपल्या इंटरनेट जोडणीला एक आकडा असतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. त्यावरून समोरच्याला आपण कुठल्या देशात बसलोय ते कळतं. वाहिन्या कार्यक्रमांचे हक्क देशवार विकतात. जिथले हक्क विकले गेले नाहीत किंवा दुसऱ्या कुणाला दिले गेले, तिथं कुलूप. सिनेमाचं आणि मालिकेचं मला पटलं. त्यात गाणी असतात, नटांचे करार असतात, परदेशातही पैसे मोजून बघणारे असतात. पण इस्लामपूरची एखादी बाई भरली वांगी करून दाखवते, तो अर्धा तास जर्मनीत कोण विकत घेणार आहे? तो नुसताच कुलपात पडून राहतो, आणि ज्या बाईला तो त्या दुपारी हवा असतो तिला मिळत नाही.

माझी अडचण ऐकून इथल्या मंडळींनी फोनवर दोन वाटा सुचवल्या. त्या दोन्हींबद्दल मला इतर आयांना सावध करायचं आहे. पहिली, चोरून दाखवणाऱ्या साइट आणि टोरंट. जर्मनीत टोरंटवरून सिनेमा उतरवला की वकिलाची नोटीस घरी येऊ शकते, आणि मागणी शेकडो युरोंची असते. टोरंटमध्ये आपण उतरवून घेतो तेव्हा तोच माल पुढे दुसऱ्याला पुरवतही असतो, गुन्हा तिथं धरला जातो. उघडउघड चोरीच्या ठिकाणाहून नुसतं बघणंही युरोपच्या न्यायालयानं २०१७ साली बेकायदा ठरवलं. जोडणी मुलाच्या नावावर, नोकरी त्याची, राहण्याचा परवाना त्याचा. आईच्या दुपारच्या विरंगुळ्यापायी त्याला वकिलाच्या दारात उभं करायचं नाही. दुसरी वाट व्हीपीएनची. आपण भारतातच बसलोय असं त्यानं भासवता येतं. व्हीपीएन वापरणं मुळात गैर नाही, मुलाचं ऑफिसचं काम त्यावरच चालतं. पण या अॅपच्या अटींत बहुधा त्याला मनाई असते, आणि फुकट मिळणारी पुष्कळ व्हीपीएन आपली माहिती विकून पोट भरतात. ज्या लॅपटॉपवर घरातला बँकेचा व्यवहार होतो, त्यावर मी ते बसवू दिलं नाही.

मग सरळ वाटेनं काय मिळतं ते शोधायला बसले. खानावळीच्या हिशेबाला घालायचे तशी एक वही घातली. जे उघडलं, शेवटपर्यंत दिसलं आणि ज्यानं कार्डाचा नंबर मागितला नाही, तेवढंच वहीत चढवायचं असं ठरवलं.

पहिलं पान मराठीचं. यूट्यूबवर सह्याद्री वाहिनी तिथंही दिसली. ‘आमची माती आमची माणसं’ लागलं आणि आमच्या घरात पहिला टीव्ही आला ते दिवस आठवले. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी, पण आमच्याकडे टीव्ही त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आला. पुढे ‘सुरभि’ लागायचं, रेणुका शहाणे आणि सिद्धार्थ काक यांचं. मणिपूर, कच्छ, केरळ मी पहिल्यांदा बघितलं ते त्यात, कणीक मळता मळता. त्यांच्या प्रश्नांची उत्तरं पोस्टकार्डावर लिहून मीही टाकली आहेत. यूट्यूबवर शेतात चूल मांडून रांधणाऱ्या सासवा-सुनांचे व्हिडिओही परदेशात जसेच्या तसे दिसतात. मधुराज रेसिपीसारख्या वाहिन्याही दिसतात. तिथं कुठल्या देशात दाखवायचं आणि कुठल्या नाही, हे व्हिडिओ चढवणारा ठरवतो, आणि या बायकांनी कुठलाही देश बंद केलेला नाही. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

पण माझं खरं जेवण झालं ते वहीच्या दुसऱ्या पानावर. मुलगा म्हणाला, “आई, आपण दर महिन्याला १८ युरो ३६ सेंट भरतो, तू इथलंही बघ की.” जर्मनीत टीव्ही असो वा नसो, प्रत्येक घराला सार्वजनिक वाहिन्यांसाठी ही वर्गणी भरावी लागते. त्या पैशांवर चालणाऱ्या वाहिन्यांचे कार्यक्रम मग मेडियाथेक म्हणतात तिथं कधीही बघता येतात, वेगळे पैसे नाहीत. श्टुटगार्टच्या बाजूची अशी वाहिनी म्हणजे एसडब्ल्यूआर. तिचा ‘लेकर आउफ्स लांट’ नावाचा कार्यक्रम मला सापडला आणि मी खुर्ची जवळ ओढली.

त्यात शेतकरी घरांतल्या बायका असतात. जुन्या घाटाच्या एका बसमध्ये बसून त्या एकमेकींच्या शेतावर जातात. जिच्या घरी गेल्या ती आपलं शेत दाखवते, गोठा दाखवते, आपल्याकडे काय पिकतं ते सांगते आणि सगळ्यांना रांधून वाढते. बाकीच्या जेवतात, एकमेकींशी बोलतात आणि गुण देतात. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता, पण हात कळत होते. एकीनं अंडी घालून पीठ सैलसर भिजवलं, लाकडी पाटीवर पसरलं आणि पात्यानं बारीक बारीक कापत थेट उकळत्या पाण्यात सोडलं. तुकडे वर तरंगले की झाऱ्यानं काढून घेतले. त्याला श्पेट्झल म्हणतात. चकोल्या वरणात सोडल्यावर मी अशीच थांबते, वर आल्या की समजायचं झाल्या.

खालच्या मजल्यावर एक जर्मन आजी राहतात. तोवर आमच्यात नुसतं मान हलवणं होतं. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्यावर मी “श्पेट्झल” म्हटलं आणि हातानं कापण्याची खूण केली. त्या घरात जाऊन त्यांची पाटी आणि पातं घेऊन आल्या, पाटीची कड वापरून वापरून झिजलेली होती. चार दिवसांनी मी त्यांना चकोल्या खाऊ घातल्या, तिखट बेतानं घालून. त्यानंतर त्या रोज बाळाला बघायला वर यायला लागल्या.

तुपाचं तर मला त्या कार्यक्रमांनी कामच करून दिलं. बाळंतिणीला तूप हवं, ते नेता आलेलं नाही, म्हणून दुकानातलं लोणी आणून दोनदा कढवलं. रंग चांगला आला, पण घरच्या तुपाचा वास काही येईना. मग दूधदुभत्याच्या एका घराचा भाग बघताना लक्षात आलं की तिथं लोणी वेगवेगळ्या तऱ्हेचं असतं, एक गोड सायीचं आणि एक विरजलेल्या सायीचं. आपण साय विरजूनच लोणी काढतो. पाकिटावर ‘झाउअरराम’ असा शब्द असलेलं लोणी मुलाला आणायला सांगितलं. ते कढवलं आणि भांड्यातून माझ्या विश्रामबागेच्या स्वयंपाकघराचा वास आला. सूनबाई झोपेतून उठून आली. हा शब्द मी वहीत लाल शाईनं लिहिला आहे. जर्मनीला जाणाऱ्या प्रत्येक आईनं तो लिहून घ्यावा.

फिरायला जायचंही असंच सुचलं. जवळच्या एस्लिंगन गावाचा भाग बघितला, लाकडी चौकटींची जुनी घरं आणि डिसेंबरात भरणारा जुन्या काळच्या थाटाचा बाजार. रविवारी मुलाला म्हटलं, मला इथं ने. लोकलनं थोड्याच वेळात पोचलो. आधी बघितलेलं असल्यामुळे कुठं उभं राहायचं आणि काय बघायचं ते मलाच ठाऊक होतं.

बाकीची पानं भराभर भरली. आर्टे ही फ्रेंच आणि जर्मन अशी दोघांची मिळून वाहिनी आहे. तिचा ‘त्सू टिश’ हा कार्यक्रम, म्हणजे आपल्या भाषेत ‘चला, पानावर बसा’. प्रत्येक भागात एक प्रदेश, तिथलं एखादं घर आणि त्यांचं रोजचं जेवण. अमेरिकेतले रिक स्टीव्ह्स युरोपातली गावं हिंडवतात, त्यांचे भाग त्यांच्या संकेतस्थळावर आणि यूट्यूबवर मोफत आहेत. डॉइचे वेले या जर्मन वाहिनीचं खाण्यापिण्याचं इंग्रजीत आहे, आणि त्यांची हिंदी सेवाही आहे. आणि जपानची एनएचके वर्ल्ड. ती बहुतेक देशांत उघडते, नावनोंदणीसुद्धा लागत नाही. त्यावर जपानच्या खेड्यांतून सायकलीवर हिंडण्याचा एक कार्यक्रम आहे, आणि त्या वाहिनीवरच मी सोललेली पर्सिमनची फळं दोरीला टांगून सुकवताना बघितली. एकेका फळाला हातानं हलकेच दाबत होते, आतला गर मऊ राहावा म्हणून. तासगावच्या बेदाण्याच्या शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं टाकतात आणि पंधरा-वीस दिवस त्यांच्यावर लक्ष ठेवून असतात, ते कुणी जपानी बाईनं कधी बघितलं असेल का, असं वाटून गेलं.

भाषेची अडचण थोडी कमी करता येते, तीही सांगते. लॅपटॉपवर यूट्यूबच्या व्हिडिओखाली दातेरी चाकाची खूण असते. तिथून सबटायटलमध्ये जाऊन आपोआप भाषांतर निवडलं की भाषांच्या यादीत मराठी सापडते. भाषांतर ओबडधोबड येतं, पण वाटी की चमचा, किती मिनिटं, एवढं समजतं. प्रत्येक व्हिडिओला ती सोय नसते.

माझ्या खानावळीत जेवून गेलेली मुलं आता जगभर पांगली आहेत. अजून मावशीच म्हणतात. त्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर विचारलं, तुमच्याकडे मोफत काय उघडतं रे? टेक्ससमधल्यानं कळवलं की गावच्या सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड काढलं की कॅनोपी नावाच्या ठिकाणी माहितीपट फुकट बघता येतात, आणि पीबीएस या सार्वजनिक वाहिनीचंही बरंच मोफत आहे. मेलबर्नचा म्हणाला, आमच्याकडे एसबीएस, तिची खाण्यापिण्याची वेगळी वाहिनीच आहे. लंडनच्यानं सांगितलं, बीबीसीचं आयप्लेअर आहे, पण ते ब्रिटनमध्येच चालतं आणि घरात टीव्हीचं लायसन लागतं. म्हणजे परदेश असं एक पान करून भागत नाही, दर देशाचं वेगळं पान करावं लागलं.

आता जे सांगण्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. एकदा त्या खालच्या आजी मी फोडणी देत असताना ओट्याशी उभ्या होत्या. हळदीचा डबा हातात घेऊन त्यांनी मुलाच्या मार्फत विचारलं, हे तुमच्या गावचं का? मी म्हटलं, आमचं गाव हळदीचंच. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली आणि हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्यांना दाखवावं म्हणून शोधायला बसले. हळकुंड जमिनीतून काढतात, शिजवतात, उन्हात वाळवतात, पिंपात फिरवून पॉलिश करतात, मग मार्केट यार्डात राजापुरी हळदीचे ढीग आणि सौदे. शिवाय हरिपूरची पेवं. जमिनीच्या पोटात खणलेल्या त्या कोठारांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. महापुरांनी त्यातली बरीचशी निकामी केली, म्हणून ती दाखवायची तर लवकर दाखवायला हवीत. मला बाजारभावाच्या बातम्या सापडल्या आणि कुणीकुणी मोबाइलवर घेतलेले तुकडे सापडले, वर मोठ्यानं गाणं लावलेले. परक्या माणसाला शेजारी बसवून शांतपणे अर्धा तास दाखवता येईल, खाली ओळी असतील, असं काही हाती लागलं नाही. आजींनी मला त्यांच्या मुलखातलं सगळं दाखवलं होतं. मी डबा परत फळीवर ठेवला.

म्हणून सह्याद्री वाहिनीला माझी कळकळीची विनंती आहे. एक लाल एसटी घ्या. तिच्यात जतची हुलग्याचं माडगं करणारी बसू दे, शिराळ्याची भातशेतीतली, आटपाडीची डाळिंबाच्या मळ्यातली, तासगावची बेदाण्याच्या शेडवरची, मिरजेच्या सतारमेकर घरातली आणि हरिपूरची हळदवाली. दर आठवड्याला एकीच्या घरी जा. तिचं शेत, तिचं जातं, तिची चूल दाखवा. कृष्णाकाठची वांगी कृष्णाकाठीच भाजू द्या. गुण नकोत. आपल्याकडे जेवू घालणाऱ्या बाईला गुण देत नाहीत, पोटभर जेवून तिला “अन्नदाता सुखी भव” म्हणतात. सांगली झाली की सातारा घ्या, मग सोलापूर, मग पुढचे जिल्हे. खाली मराठी आणि इंग्रजी ओळी घाला, आणि जगातल्या कुठल्याही देशाला कुलूप लावू नका. हे सरकारी पैशांतून व्हावं असं मला मनापासून वाटतं, कारण जपान आणि जर्मनीनं आपलं असं काम सार्वजनिक पैशांतूनच केलं आहे आणि एनएचके बघताना माझ्याकडून कुणी एक येनही मागितला नाही.

खासगी मराठी वाहिन्यांनाही मागणं आहे. मालिका, सिनेमे तुमच्याकडे ठेवा. पण खाण्याचे आणि भटकंतीचे जे भाग दाखवून वर्ष उलटलं आहे, ते सगळ्या देशांना मोकळे करा. त्यात जाहिराती दाखवा, तेवढ्या आम्ही बघू.

आणि संपादक महाशय, आपल्याकडे मागणं असं. आठवड्यातून एकदा, आतल्या पानावर का होईना, एक छोटी चौकट द्या. कुठल्या देशात गेल्यावर मोफत आणि रीतसर काय बघता येतं, त्यात नवीन काय आलं, काय बंद झालं. हे सारखं बदलतं, म्हणून वर्तमानपत्रात आलेलं बरं. सुरुवातीला माझी वही मी कार्यालयात आणून देते.

सूनबाईची आई मिरजेची. त्यांचं विमान २१ फेब्रुवारीला आहे, त्याही ९० दिवसांसाठी निघाल्या आहेत. जर्मनीची पानं मी त्यांना उतरवून दिली, सगळ्यात वर लोण्याचं नाव. परवा फोनवर त्या विचारत होत्या, “हे सगळं तिकडचं झालं हो विहीणबाई, आपल्याकडचं काय लावू?” वहीतलं ते पहिलं पान अजून अर्धंच भरलेलं आहे.

आपली नम्र,
एक वाचक
विश्रामबाग, सांगली
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)